बाही वर कर

माझ्या खांद्यावर मोरपंखी पैठणी होती. येवल्याची, हातमागावरची. पदरावरचे मोर नीट दिसावेत म्हणून मी हात पुढे धरून उभी होते. दुकानात तसंच शिकवलेलं. समोरच्या बाईनं पदर हातात घेतला, कौतुकानं बोटं फिरवली, फिरवत फिरवत वर आली आणि तिचं बोट माझ्या दंडाला लागलं. तिनं पदर सोडून दिला. पाल दिसल्यावर हातातलं टाकतात तसा.

"हिच्या हाताला काय झालंय? साडीला लागेल ना ते."

लग्नसराईची गर्दी होती. गादीभोवती बायका, त्यांच्या सासवा, कंटाळून मोबाईल बघणारे नवरे. सगळ्यांनी माझ्या दंडाकडे बघितलं. मालकीणबाई उठून आली. तिला दुकानात सगळे वहिनी म्हणायचे. मीही म्हणायचे. तिथं अहोजाहो करायचे. इथं, हे सांगताना, करणार नाही.

तिनं माझा हात धरला नाही. तिच्या हातात पेन होतं, त्याच्या टोपणानं माझ्या दंडावरून एक रेघ ओढली. खर्र आवाज झाला. मग ते टोपण तिनं रुमालाला पुसलं.

"अगं, अंग चोळून आंघोळ करतेस की नाही?"

मी काही बोलायच्या आत ती गिऱ्हाइकाकडे वळली. आवाज खाली आणला. पण मला ऐकू यावा एवढाच खाली.

"यांच्यात ती सवयच नसते हो. आपण किती सांगणार."

गिऱ्हाईक हसलं. दोन शहाण्या बायकांना एकमेकींचं दुखणं कळावं, तसं. मग ती पैठणी माझ्या खांद्यावरून चिमटीनं उचलली गेली. बाई म्हणाली, ही अंगाला लागलेली नको, घडी न मोडलेली दाखवा. माझ्या जागी दुसरी मुलगी उभी राहिली. तिच्या खांद्यावर दुसरी पैठणी आली. मोर तसेच, काठ तसेच. ही घडीसुद्धा समोरच मोडली आणि खांद्यावरच टाकली, पण या अंगाला लागलेलं त्या बाईला चाललं.

मालक गल्ल्यावर होता. त्यानं मान वर केली नाही. त्याची मान गिऱ्हाईक आत येताना वर व्हायची आणि लक्ष्मीच्या फोटोला हार घालताना. मधल्या वेळात दुकानात काय चाललंय ते त्याला कधीच दिसलं नाही.

मी मागे गोदामात गेले. साड्यांच्या गठ्ठ्यावर बसले. रडले नाही. अपमान झाला असंही वाटलं नाही, हे जास्त वाईट. मला वाटलं, ती बरोबर बोलतेय. मी नीट घासत नसेन.

दंडाचं सांगते. दोन्ही दंडांच्या मागच्या बाजूला बारीक बारीक दाणे. मोहरीपेक्षा लहान. थंडीत अंगावर काटा येतो ना, तसा. तो काटा जातो, माझा जात नाही. खाज नाही, दुखणं नाही. हात फिरवला की खरखरीत लागतं. थोडं मांड्यांवरही आहे. दुकानातल्या मुली गमतीनं म्हणायच्या, पिसं काढलेली कोंबडी. त्या हसायच्या म्हणून मीही हसायचे.

आईचे दंड तसेच. पण ते मी लहानपणी फारसे बघितलेच नाहीत. मला आई आठवते ती मनगटापर्यंत बाह्यांच्या ब्लाउजातच. वडील मनमाडला रेल्वेत गँगमन होते, आम्ही क्वार्टरमध्ये राहायचो. मनमाडच्या नळाला पाणी कधी येईल ते नळालाही माहीत नसायचं. तसल्या गावात आई रोज आम्हा भावंडांना आंघोळ घालायची. आमच्या अंगावरचं पाणी खाली घमेल्यात धरायची आणि त्यानं फरशी पुसायची. आणि ही बाई, जिच्या बाथरूममध्ये नळ सोडला की गरम आणि फिरवला की गार पाणी येतं, ती मला सांगणार की आमच्यात आंघोळीची सवय नसते.

आई अंगणवाडीत मदतनीस होती. पोरांना खिचडी वाढायची. भर उन्हाळ्यात चुलीपुढे ती लांब बाह्या घालून बसायची. कुणी तिला काही बोललं होतं का, तिनं कधी सांगितलं नाही. वडील रिटायर झाल्यावर आम्ही नाशिकरोडला आलो. विहाराच्या मागच्या कॉलनीत दोन खोल्या घेतल्या. नळ घरात आला. बाह्या तेवढ्याच राहिल्या.

त्या दिवशी मी घरी जाऊन बाथरूमची कडी लावली आणि टाचा घासायची वजरी दंडावर चालवली. लाल होईस्तोवर. आई दाराबाहेर उभी होती. तिला आवाजावरून कळलं असणार. ती म्हणाली, "हळू घास गं." थांब म्हणाली नाही. हळू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वहिनीनं माझी सोय लावली होती. दुकानाच्या मरून साडीवर आखूड बाह्यांचा ब्लाउज असायचा. मला तिनं कोपरापर्यंत बाह्या शिवून घ्यायला लावल्या. काउंटरवर उभं राहायचं नाही, मागे घड्या घालायच्या. दंड गुळगुळीत झाले की पुन्हा पुढे. आणि ते झाले की नाही हे ती रोज सकाळी बघणार.

तसंच सुरू झालं. सकाळी उदबत्ती लागायची, मालक हार घालायचा, आम्ही सगळ्या ओळीनं नमस्कार करायचो. शटर अजून अर्धंच वर असायचं. मग ती माझ्यापुढे येऊन उभी राहायची.

"बाही वर कर."

मी बाही वर करायचे. सगळ्या मुली बघत असायच्या, नाहीतर बघत नसल्याचं दाखवायच्या. पेनाचं टोपण दंडावरून फिरायचं. ती तोंडानं च् च् करायची. भाजीवाल्याकडे वांगं उलटसुलट करून बघावं आणि परत टाकावं, तशी. मग टोपण पुसायची. मग उपाय. तिच्याकडे रोज नवा उपाय असायचा. मीठ आणि लिंबू. डाळीचं पीठ जाडसर दळून. पाणी जितकं सोसवेल तितकं कढत. काथ्यानं घासायचं, मायेनं नाही घासायचं, म्हणाली. स्वतःला ती वैद्य समजायची, आणि वर समाजसेविका. एकदा गिऱ्हाइकाला सांगताना मी ऐकलं, आपल्याकडे कामाला ठेवायचं म्हणजे असं सगळं शिकवावं लागतं. दुखतंय का, हे तिनं एकदाही विचारलं नाही.

मी सगळं केलं. मीठ लावलं. लिंबू लावलं. नाशिकची थंडी, कढत पाणी, वर काथ्या. दंड आधी नुसते खरखरीत होते, आता सोलले. दाण्यांची तोंडं लाल झाली, मग पिवळी. एका सकाळी बाही वर करायला गेले तर ती दंडाला चिकटलेली. ओढली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. वहिनी वाकून बघत म्हणाली, "बघ. आत साठलेली घाण कशी बाहेर येतेय. म्हणजे गुण येतोय."

माझा पू होता तो. तिला त्यात स्वतःचं यश दिसत होतं.

त्या दुपारी मला ताप आला. आईनं ऐकलं नाही, दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. कातडीच्या ओपीडीची रांग जिन्यापर्यंत होती. आत डॉक्टरीणबाई, वयानं माझ्यापेक्षा थोडीच मोठी, दमलेली, चहा बाजूला गार झालेला. तिनं हातमोजे घातले, बाही स्वतः अलगद वर केली.

"हे कुणी घासलं?"

मी म्हटलं, मीच.

"कुणी सांगितलं?"

मी म्हटलं, मालकीणबाईंनी.

"त्या डॉक्टर आहेत?"

मी नाही म्हटलं. ती लिहायला लागली. लिहितानाच समजावलं. याला केराटोसिस पिलॅरिस म्हणतात. केसाच्या मुळाशी कातडीचाच थर साठून बूच बसतं, त्याचा हा दाणा. खूप जणांना असतं. आईबापांकडून येतं. एकाचं दुसऱ्याला लागत नाही. घासून जात नाही, घासलं की चिघळतं. मग तिनं आईकडे बघितलं. आईच्या बाह्यांकडे.

"तुम्हालाही आहे का? दाखवा."

आईनं माझ्याकडे बघितलं. परक्या माणसापुढे तिनं कधी बाही वर केली नव्हती. तिनं मनगटाचा हुक सैल केला, बाही हळूहळू वर ओढली. डॉक्टरीणबाईनं हातमोजे काढून टाकले आणि उघड्या बोटांनी आईचा दंड चाचपला. सहज, पीठ मळलंय का बघावं तसा.

"तेच आहे. काळजीचं काही नाही."

आईनं विचारलं, "म्हंजे घाण नाय ना ही?"

"घाणीचा काय संबंध? दिवसातून चारदा आंघोळ करणाऱ्यालाही असतं."

पुढचा पेशंट आत आला. आम्ही बाहेर आलो. आई बाकावर बसली. तिची बाही अजून वरच होती, तिच्या लक्षात नव्हतं. मग लक्षात आलं आणि तिनं ती खाली ओढली. मग म्हणाली, "मला वाटायचं, माझ्याच पापाचं तुला लागलं."

कुठलं पाप, मी विचारलं नाही. तिच्या डोक्यात हे कुणी भरलं, तेही विचारलं नाही. त्या सगळ्यांचा चेहरा मला पाठ होता. रोज सकाळी पेन घेऊन यायचा.

घरातलं सगळं बदललं, आणि ते अगदी साधं होतं. आधी जखमा बऱ्या होईपर्यंत मलम. मग कोमट पाण्यानं झटपट आंघोळ. सौम्य साबण, हातानंच. टॉवेलनं रगडायचं नाही, नुसतं टिपायचं. अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावायचं आणि जखमा भरल्यावर दवाखान्यानं दिलेलं युरियाचं क्रीम. दाणे फोडायचे नाहीत. डॉक्टरीणबाईनं बजावलं होतं, धीर धरा, आठवड्यात काही होणार नाही, आणि सोडलं की पुन्हा येईल. दंडाच्या मागे स्वतःचा हात नीट पोचत नाही. मी आईला लावायचे, आई मला. पहिल्या वेळी तिचा दंड माझ्या तळव्याखाली आला तेव्हा कळलं, इतक्या वर्षांत मी आईचा दंड धरलेलाच नव्हता.

हळूहळू मऊ पडायला लागलं. दाणे गेले नाहीत, पण निवळले. लाली गेली.

मी वहिनीला सांगितलं. डॉक्टरांनी काय म्हटलं ते सगळं, शांतपणे, कागदासकट. मला वाटलं होतं, कळलं की थांबेल. माणसाला माहिती नसते म्हणून तो वाईट वागतो, असं मला तेव्हा वाटायचं. तिनं कागद वाचला नाही. म्हणाली, सरकारी डॉक्टर काय, समोरच्याला बरं वाटेल ते सांगतात. आणि पेन पुढे केलं. तेव्हा कळलं, तिला माहिती नको होती. माझ्या दंडावरून रोज सकाळी रेघ ओढायला मिळत होती, ते तिला हवं होतं. तिचा दिवस त्यानं चांगला सुरू व्हायचा. उदबत्तीनं व्हावा तसा.

तरी मी बाही वर करत राहिले. नोकरी हवी होती.

मग ती नवरी आली. गंगापूर रोडची, बंगल्यातली, आई आणि मावशीला घेऊन. मला आतून साड्यांचा गठ्ठा आणायला सांगितला होता. मी गठ्ठा घेऊन गादीपाशी आले तेव्हा ती मुलगी ओशाळून म्हणत होती, ब्लाउज लांब बाह्यांचाच शिवायचा, माझे हात असे आहेत ना. तिनं बिनबाह्यांचा कुर्ता घातला होता. दंड माझ्यासमोर होते. लालसर, बारीक दाण्यांचे. माझेच. आईचेच.

वहिनीनं तिचा दंड हातात घेतला. दोन्ही हातांत. वरून खाली तळवा फिरवला, बाळाच्या अंगावरून फिरवावा तसा.

"वेडी आहेस का? नाजूक कातडी आहे गं तुझी. गोऱ्या मुलींना होतंच असं. साय कशी, हात लागला तरी उमटते. बिनबाह्यांचाच शिव, छान दिसेल."

मुलगी खुलली. तिचं काही चुकलं नव्हतं. तिच्यावर माझा राग नाही.

मी गठ्ठा खाली ठेवला. वहिनीनं माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या डोळ्यांत काहीही हललं नाही. ती चोरी पकडल्यासारखी दचकली असती तरी मला चाललं असतं. नाही. तिला त्यात काही विसंगत दिसलंच नाही. तोच दाणा, त्याच जागी, त्याच दुकानात. एका दंडावर तो साय आणि दुसऱ्यावर घाण. इतके दिवस मी कातडीवर उपाय शोधत होते. रोग तिच्या डोळ्यांत होता आणि तो बरा करायची तिला काही गरज नव्हती.

दुसऱ्या सकाळी उदबत्ती लागली. नमस्कार झाला.

"बाही वर कर."

"नाही."

तिला वाटलं, तिनं नीट ऐकलं नाही. पेन तसंच पुढे राहिलं.

"काल त्या मुलीचा हात हातात घेतलात. नाजूक म्हणालात," मी म्हटलं. "माझं तेच आहे. मग माझं घाण कसं?"

"तिची गोष्ट वेगळी आहे."

"काय वेगळी?"

"हे बघ, तुमच्यात..."

"आमच्यात म्हणजे कुणात? पूर्ण बोला. सगळ्याजणी ऐकतायत."

दुकानात लागले तेव्हा तिनं माझं आडनाव विचारलं होतं, ते ऐकून अर्धा क्षण थांबली होती आणि मग गोड हसली होती. जातीचा तो शब्द तेव्हापासून तिच्या जिभेवर होता. रोज येत होता, रोज ती तो गिळत होती. त्या शब्दाची तिला लाज नव्हती. कायद्याची भीती होती. सोवळं एवढंच, की तोंडात ठेवायचा आणि बाहेर 'तुमच्यात' म्हणायचं. तिनं नवऱ्याकडे बघितलं. तो हार सरळ करत होता. आधीच सरळ होता हार.

"काम करायचं नसेल तर जा," ती म्हणाली.

मी म्हटलं, काम करायचंय, पण काउंटरवर. आणि मग मी बाही वर केली. स्वतः. दोन्ही. खांद्यापर्यंत दुमडल्या आणि गादीपाशी जाऊन उभी राहिले. शटर पूर्ण वर गेलं. गिऱ्हाइकं आली. मी खांद्यावर पैठणी घेतली, हात पुढे धरला, पदर दाखवला. ती गल्ल्याजवळून बघत होती आणि गिऱ्हाइकांसमोर तिला काही करता येत नव्हतं. तिच्यासारख्यांचं सगळं शौर्य अर्धं शटर खाली असतानाचं.

दुपारी मालक माझ्याजवळ आला. म्हणाला, "उद्यापासून येऊ नकोस." दुकानात लागल्यापासून माझ्याशी बोललेलं त्याचं हे पहिलं पूर्ण वाक्य. मी संध्याकाळपर्यंत उभी राहिले. बाह्या तशाच ठेवून घरी गेले.

आता मी लग्नांत साड्या नेसवते. नऊवारी, सहावारी, पदराच्या चुण्या. पंचवटीपासून सातपूरपर्यंत बोलावणी येतात. आखूड बाह्यांचा ब्लाउज घालून जाते. कधी कुणी दंडाकडे टक लावून बघतं. मी विचारते, काही विचारायचंय का. बहुतेकांना काही विचारायचं नसतं. नवरीला तसंच असेल तर तिला सांगते, घासू नको, मऊ ठेव, कातडीच्या डॉक्टरला दाखव. गेल्या लग्नसराईत वहिनीचा फोन आला. दुकानात साडी नेसवून द्यायला कुणीतरी हवं होतं. म्हणाली, झालं गेलं विसरून ये, फक्त लांब बाह्यांचं घालून ये. म्हणजे विसरायचंही मीच आणि झाकायचंही मीच. मी फोन ठेवला.

आईनं मात्र बाह्या आखूड केल्या नाहीत. दंड तिचे आता बरेच मऊ आहेत. मी कापड आणलं, शिंप्याला सांगितलं, ती नको म्हणाली. "ऱ्हाऊ दे. सवय झाली." जन्मभराची भीती क्रीमनं उतरत नाही. ती भीती जिनं जिनं घातली, त्यातल्या कुणालाच मला माफ करता येत नाही.

आणि या आठवड्यात भावाची मुलगी, दंड तिचेही आमच्यासारखेच, शाळेतून आली ती बोललीच नाही. खेळाच्या तासाला निघताना वर्गात बाई तिला म्हणाली, हात बघ तुझे, उद्या आंघोळ करून ये. सगळ्यांसमोर. मुलं हसली. भावजय मला म्हणाली, जाऊ द्या ताई, तिला मी लांब बाह्यांचा स्वेटर घालून पाठवते. आईनं मान खाली घातली.

स्वेटर मी कपाटात वर टाकला. पोरीला जवळ घेऊन दंडाला क्रीम लावलं आणि सांगितलं की उद्या आखूड बाह्यांच्या गणवेशातच जायचं, आत्या बरोबर येणार आहे. हेडमास्तर आम्हाला खोलीत बसवतील. चहा मागवतील. बाईला बोलावतील आणि ती तिथं हळूच सॉरी म्हणेल, गैरसमज झाला म्हणेल. मी चहा घेणार नाही. त्या खोलीतलं सॉरी घेणार नाही. ती जे बोलली ते वर्गात बोलली. आता 'ते घाण नाही, मी चुकले' हेही तिला वर्गातच म्हणावं लागेल. फळ्यासमोर उभं राहून, पोरीचं नाव घेऊन, मोठ्यानं. तोवर मी वर्गातून हलणार नाही.